अक्कलदाढ, उपास आणि यकृत
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलावणे पाठविले तेव्हा त्यांच्या मनात दातांची निगा, मुलांनी गोड किती खावे, असा काहीतरी सोपा विषय होता. मी दाताजबड्याच्या शस्त्रक्रिया करणारी. तेव्हा ती अपेक्षा चुकीची नव्हती. परंतु त्या विषयावर याच व्यासपीठावरून मी पूर्वी दोनदा बोलले आहे, आणि तिसऱ्यांदा तेच ऐकावयास लावणे म्हणजे तुमच्या सौजन्याचा गैरफायदा घेणे होय. आज मी एक निराळीच हकीकत सांगणार आहे. ती माझ्या स्वतःच्या एका चुकीची आहे. जिच्यावर तो प्रसंग गुदरला तिला विचारूनच सांगत आहे. नाव मात्र सांगत नाही. आपण तिला 'सूनबाई' म्हणू, कारण माझ्याकडे ती सासूबाईंच्या पाठीमागे उभी राहून सूनबाई म्हणूनच आली.

साल २००४, महिना भाद्रपद. लग्नानंतरचे पहिलेच वर्ष, म्हणून तिने हरतालिका अगदी निर्जळी केली. दुसरे दिवशी गणपती बसले, तोच खालच्या अक्कलदाढेची हिरडी सुजली. घरात एकवीस मोदक झाले, पण हिला एकही खाता आला नाही. तिसरे दिवशी ऋषिपंचमी. माझ्याकडे आली तेव्हा तोंड जेमतेम एक बोट शिरेल इतकेच उघडत होते. चित्र काढून पाहिले, तर खालच्या दोन्ही बाजूंच्या अक्कलदाढा पुढच्या दाढेला टेकून आडव्या निजलेल्या. मी औषध देऊन सूज उतरवली आणि दोन्ही दाढा काढावयाचे ठरविले. मुलगी सुईला विलक्षण भीत होती. शिवाय दोन्ही बाजूंचे हाड कोरावयाचे होते. म्हणून पूर्ण भूल देऊन एकाच बैठकीत काम उरकावे असा बेत केला.

मी तिला विचारले, "काही आजार? मधुमेह, दमा, कावीळ?"

"नाही."

"कुठल्या औषधाची बाधा होते?"

"नाही."

मी कागदावर रेघ ओढली आणि पुढे गेले. माझी चूक ती हीच. तुझ्या माहेरी कोणाला भुलेनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर काही झाले होते का, हा प्रश्न मी विचारलाच नाही. तो विचारला असता तर आजचे हे भाषण झाले नसते.

रात्री दहानंतर काही खाऊपिऊ नकोस असे तिला सांगितले होते. पाळी सकाळी नवाची. परंतु त्या सकाळी एका अपघातातील जबडा मोडलेला माणूस आला आणि तिचा नंबर दुपारी तीनला लागला. म्हणजे सतरा तास पोटात पाण्याचा थेंब नाही. आणि त्याआधीचे आठ दिवसही पेज नि ताक यांवरच काढलेले. भूलतज्ज्ञांनी थायोपेंटोन देऊन भूल दिली. त्या काळी ते नेहमीचेच औषध होते. त्यांना दोष देण्याचे काही कारण नाही. दाढा निघाल्या, टाके पडले. मी समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या रात्रीपासून तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. त्या इतक्या की मुलगी अंथरुणावर गडबडा लोळू लागली. उलट्या झाल्या, शौचास होईना, नाडी १३० च्या वर गेली, रक्तदाब चढला. शस्त्रवैद्यांना बोलावले. त्यांना वाटले अपेंडिक्स असावे. पण हात लावून पाहावे तर पोट मऊ! एवढ्या कळा आणि पोट मऊ, हे कोडे कोणालाच उलगडेना. तिसरे दिवशी ती भिंतीकडे पाहून कोणाशी तरी बोलू लागली. आता मात्र आजूबाजूचे सूर बदलले. नवी सून, माहेरची ओढ, सासरी मन रमत नाही, हे सारे 'ढोंग' आहे असे कोणीतरी म्हणाले. मला सांगावयास लाज वाटते, परंतु आम्हा डॉक्टरांपैकीही एकदोघांच्या तोंडी हाच अर्थ निराळ्या, इंग्रजी शब्दांत होता. रात्री शांत झोप लागावी म्हणून कागदावर फिनोबार्बिटोन लिहिले गेले.

ते टोचले गेले नाही, याचे श्रेय वॉर्डातल्या मावशींना. त्यांनी लघवीचे भांडे गडबडीत खिडकीशी ठेवले होते ते तेथेच राहिले. तासाभराने उचलावयास गेल्या आणि तशाच माझ्याकडे आल्या. "बाई, मघाशी ठेवलं तेव्हा पिवळं होतं. आता बघा, कोकमाच्या आगळावाणी झालंय. रक्त म्हणावं तर तसंबी न्हाई."

मला काही सुचले नाही. परंतु आमच्या जुन्या फिजिशियन डॉक्टरांनी ते भांडे पाहिले आणि एकच शब्द उच्चारला, 'पॉर्फिरिया'. त्यांनी एहर्लिकच्या द्रवाचे काही थेंब टाकून परीक्षा केली, तो नमुना चेरीसारखा लालभडक झाला. फिनोबार्बिटोनवर त्यांनी काट मारली आणि शिरेतून साखरेचे पाणी सुरू करावयास सांगितले. "या मुलीला आजवर कोणी पोटभर जेवू घातले नाही काय?" हे त्यांचे शब्द मला अजून आठवतात.

आता हा पॉर्फिरिया म्हणजे काय, ते आपल्या घरगुती भाषेत सांगते. आपल्या रक्ताला लाल रंग देणारा जो 'हीम' नावाचा पदार्थ, तो शरीरात आठ टप्प्यांनी तयार होतो. उन्हाळ्यात आपण गच्चीवर पापड करतो, त्यात एक पीठ तिंबते, दुसरी लाट्या करते, तिसरी लाटते, चौथी वाळत घालते. अशा आठ जणी ओळीने बसल्या आहेत असे समजा. यातील प्रत्येक जण म्हणजे एकेक विकर, ज्याला डॉक्टर मंडळी एन्झाइम म्हणतात. आमच्या सूनबाईच्या घराण्यात तिसरी बाई जन्मतःच निम्म्या वेगाने काम करणारी. एरवी त्याने काही बिघडत नाही. पहिली बेताबेताने पीठ तिंबते आणि तिसरीला तेवढे झेपते. पण घाई झाली की काय होईल? पहिली भराभर तिंबणार, दुसरी भराभर लाट्या करणार, आणि तिसरीपुढे लाट्यांचा ढीग साचणार. या आजारात तो ढीग मज्जातंतूंना बाधतो. पोटातील कळा, वेडेवाकडे बोलणे, हातापायांतील शक्ती जाणे, सारे त्यातूनच. लघवी उजेडात ठेवली की लाल-काळी होते तीही त्याच ढिगामुळे.

हीम मुख्यतः हाडांच्या मगजात तयार होते; पण यकृतातही होते, आणि या आजारातील घाई यकृतातच उडते. ती घाई लावणाऱ्या गोष्टी दोन. पहिली, काही औषधे. यकृताला ती पचविण्यासाठी हीम लागते, म्हणून ते पहिलीला हाक मारते, "आण अजून!" थायोपेंटोन, फिनोबार्बिटोन, सल्फाची औषधे, फेफऱ्यावरची काही जुनी औषधे, हे सारे त्यातले. दुसरी गोष्ट म्हणजे उपासमार. पोटात पिठूळ व गोड अन्न नसले की यकृतातील पहिली बाई आपोआपच जोर करते, आणि साखर मिळाली की सैल पडते. म्हणून साखरेच्या पाण्याने गुण येतो. आणखी एक गोष्ट आहे, आपण सर्व बायकाच आहोत म्हणून उघडच बोलते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात शरीरात जो फेरबदल होतो त्यानेही हे झटके येतात. म्हणून वयात येण्याआधी हा आजार सहसा डोके वर काढीत नाही, आणि पुरुषांपेक्षा बायकांना त्याचा त्रास फार अधिक. सूनबाईच्या बाबतीत निर्जळी, सुजलेली हिरडी, सतरा तासांचा उपास, थायोपेंटोन आणि पाळीचा आठवडा, असे पाच ग्रह एका राशीला आले होते.

येथे माझ्या धंद्यातील एक गंमत सांगते. आम्हाला दंतवैद्यकाच्या पुस्तकांत पॉर्फिरिया शिकवितात तो लाल दातांचा. तो आजार निराळा, मगजातला, अतिशय दुर्मिळ. त्यात दात तांबूस दिसतात आणि जंबुपार किरणांत लाल चमकतात. तो परीक्षेत हटकून येतो, म्हणून सगळ्यांना पाठ! आणि यकृतातला हा पॉर्फिरिया, ज्यात दात तुमच्याआमच्यासारखे शुभ्र असतात पण भुलेच्या टेबलावर जीव जाऊ शकतो, त्याला पुस्तकात चार ओळी. सूनबाईचे दात मोत्यासारखे होते.

हा आजार आजचा नव्हे. १८८८ साली सल्फोनल नावाचे झोपेचे औषध बाजारात आले आणि पुढच्याच वर्षी हॉलंडच्या स्टोक्व्हिस नावाच्या डॉक्टरने लिहून ठेवले की ते घेणाऱ्या एका वृद्ध बाईची लघवी गडद लाल झाली आणि ती दगावली. स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रोमने १९३७ साली १०३ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या देशाच्या उत्तर टोकाला तर गावेच्या गावे या आजाराची निघाली. दक्षिण आफ्रिकेतील हकीकत मात्र एखाद्या कादंबरीसारखी आहे. तेथील गोऱ्या कुटुंबांत याचाच एक भाऊबंद फार आढळतो. जेफ्री डीन नावाच्या डॉक्टराने चर्चमधील नोंदवह्या, घरोघरच्या वंशावळी धुंडाळल्या आणि माग १६८८ साली केप येथे लग्न झालेल्या एका डच जोडप्यापर्यंत नेऊन भिडविला. गेरिट यान्स हा वर, आणि वधू हॉलंडमधून पाठविलेली एक अनाथ मुलगी, आरियांत्ये. अडीचशे वर्षे या घराण्याच्या शाखा वाढत गेल्या. कातडी जरा नाजूक, उन्हाने हातावर फोड येत, एवढेच. पुढे झोपेची औषधे व थायोपेंटोन आले, आणि धडधाकट माणसे शस्त्रक्रियेनंतर लुळी पडू लागली. दोष रक्तात जुनाच होता. घातक ठरला तो आमच्या नव्या औषधांमुळे. ही गोष्ट वाचल्यापासून नवे औषध लिहिताना माझा हात क्षणभर थांबतो.

यकृताच्या अशा वारशाने येणाऱ्या उणिवा आणखीही आहेत. त्यांपैकी एक आपल्याकडची म्हणून सांगते. भूल देताना घशात नळी घालण्यासाठी स्नायू सैल करणारे सक्सामेथोनियम नावाचे औषध देतात. यकृतात तयार होऊन रक्तात फिरणारे एक विकर त्याचा पाचसात मिनिटांत निकाल लावते. काहींच्या रक्तात ते विकर जवळजवळ नसतेच. अशा माणसाची शस्त्रक्रिया संपते, पण तो तासन् तास श्वास घेऊ शकत नाही. यंत्राने श्वास देत राहिले की पुढे पूर्ववत् होतो. दक्षिणेकडील आर्य वैश्य समाजात ही उणीव इतरांपेक्षा पुष्कळ अधिक आढळते असे संशोधकांनी दाखविले आहे. हा समाज आपल्या मराठवाड्यातही आहे. यात कोणाला कमीपणा नाही. फक्त भुलेआधी सांगावे, म्हणजे दुसरे औषध वापरता येते. आणि 'गिल्बर्ट' नावाचा एक निरुपद्रवी प्रकार आहे; त्यात उपास घडला की डोळे पिवळे होतात आणि घरची मंडळी कावीळ समजून घाबरतात. त्यापायी दाढ काढणे उगाच लांबणीवर पडते, एवढाच त्याचा उपद्रव.

सूनबाईकडे पुन्हा येते. साखरेच्या पाण्याने चारपाच दिवसांत कळा थांबल्या. आज या झटक्यावर शिरेतून हीमच देतात आणि ते लवकर दिलेले उत्तम. परंतु तेव्हा आम्हाला ते मिळू शकले नाही. तोवर तिच्या मनगटांतील शक्ती गेली होती. हात लोंबकळत. स्वतःची वेणी तिला सहा महिने घालता आली नाही. ती कोणी घातली माहीत आहे? सासूबाईंनी. ज्यांच्या घरात 'ढोंग' हा शब्द उच्चारला गेला होता त्याच घरात. एकदा त्या मला म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, हरतालिकेला पाणी पिऊ नकोस असं मीच सांगितलं होतं हो." मी त्यांना काय सांगणार? सतरा तास मीही ठेवलेच होते की!

तिची आई गावाहून आली तेव्हा उरलेला उलगडा झाला. आईची धाकटी बहीण, म्हणजे सूनबाईची मावशी, बाळंतपणानंतर पोट दुखून, हातपाय लुळे पडून वारली होती. घरात त्याला बाहेरची बाधा म्हणत, आणि मुलींच्या लग्नात विघ्न नको म्हणून तिचे नावही कोणी काढीत नसे. मी प्रश्न विचारला असता तरी कदाचित उत्तर मिळाले नसते, असे मनाचे समाधान करून घेता येईल. पण ते खरे नव्हे. ती मुलगी मला म्हणाली होती, "तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. मला वाटलं, दाढेशी त्याचा काय संबंध?"

हा वारसा आईकडून येवो वा बापाकडून, प्रत्येक अपत्याला तो मिळण्याचा संभव निम्मा. पण मिळालेल्यांपैकी बहुतेकांना जन्मात एकदाही झटका येत नाही. सूनबाईच्या आईलाही कधी आला नव्हता. सूनबाईच्या धाकट्या बहिणीची तपासणी केली, तेव्हा तिच्यातही तीच उणीव निघाली. आणि घरात मोठा वाद झाला. तिचे लग्न ठरत होते. सांगावे की लपवावे? आई म्हणे लपवा. मला विचारले तेव्हा मी सांगितले की लपवाल तर तिच्या पहिल्या आजारपणात सासरचा डॉक्टर काय देईल याचा भरवसा नाही. एक स्थळ मोडले. ती मुलगी रडली, आणि माझ्यावर रागावलीही. दुसऱ्या ठिकाणी तिने स्वतःच पहिल्या भेटीत सांगितले. तो मुलगा औषधांच्या दुकानात काम करणारा. त्याने घरी जाऊन कागद मागवून घेतला म्हणे, कोणती औषधे चालतात आणि कोणती नाहीत त्याचा!

२०११ साली तिचीही अक्कलदाढ काढावयाची वेळ आली, आणि ती माझ्याकडेच आली. या वेळी मी काय काय केले ते सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाला उपयोगी पडेल. तारीख पाळीनंतरची घेतली. पूर्ण भूल टाळून जागेवरच बधिर करावयाचे ठरविले. अशा कामाला उपाशी राहण्याची मुळीच गरज नसते, उलट खाऊन यावे. पूर्ण भूल लागलीच असती तर आज नियम असा आहे की घन अन्न निदान सहा तास आधी बंद, पण गाळलेले गोड पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. आणि अशा रोग्याला सकाळचा पहिला नंबर द्यावयाचा व शिरेतून साखर सुरू ठेवावयाची. थायोपेंटोनऐवजी भुलेसाठी प्रोपोफोल आहे. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते, जंतूंवर अमॉक्सिसिलिन चालते. बाकीची औषधे यादीत पाहिल्यावाचून लिहीत नाही. नॉर्वेतील बर्गेन येथे या आजाराचे केंद्र आहे. त्यांची औषधांची यादी कोणालाही पाहता येते. याद्यांमध्ये थोडे मतभेद आहेत, अगदी आमच्या रोजच्या लिग्नोकेनविषयीसुद्धा. म्हणून मी आधी फिजिशियनांशी बोलून घेतले. आणि दाढ काढल्यावर तोंड दुखते म्हणून रोगी दोन दिवस जेवत नाही, हाच खरा धोक्याचा काळ. तेव्हा गार दूधभात, रव्याची खीर, उसाचा रस, काय जाईल ते दर दोनतीन तासांनी पोटात गेलेच पाहिजे. २०१९ साली अमेरिकेत या झटक्यांना आळा घालणारे, महिन्यातून एकदा टोचावयाचे औषध मान्य झाले आहे. पण त्याची किंमत ऐकाल तर दाढदुखी बरी म्हणाल.

उपासाबद्दल मी बोलणार म्हणून काही जणींच्या कपाळाला आठ्या पडलेल्या मला दिसत आहेत. काळजी नसावी. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, केळी, राजगिऱ्याचा लाडू यांवर होणारा जो आपला उपास, तो यकृताच्या दृष्टीने उपासच नव्हे. त्यात नित्याच्या जेवणापेक्षाही पिठूळ अन्न अधिक जात असावे! भय आहे ते निर्जळीचे आणि हल्ली मुली अंग बारीक करण्यासाठी भात, पोळी, साखर सारेच सोडतात त्याचे. तेही सर्वांना नाही. ज्यांच्या घरात असा वारसा आहे त्यांना.

धाकटीच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री दहा वाजता मला दूरध्वनी आला. सूनबाईचा. ती बहिणीच्या सोबतीला आली होती. म्हणाली, "डॉक्टर, ही गुळाची लापशी नको म्हणतेय. दटावू का?" मी म्हटले, खुशाल दटाव. मागून सासूबाईंचा आवाज ऐकू आला, "दटावायचं काय, मी भरवते." दुसरे दिवशी सकाळी पंचवीस मिनिटांत दाढ निघाली. मी मात्र तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तिच्या खोलीत जात होते. मावशी तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी शिकविल्याप्रमाणे लघवीचा नमुना मी स्वतः खिडकीशी ठेवून पाहात होते. तिन्ही दिवस तो पिवळाच राहिला.

माझे बोलणे झाले. चहा येईपर्यंत कोणाला काही विचारावयाचे असेल तर विचारावे; आणि माहेरच्या एखाद्या आत्याची, मावशीची अशी न उलगडलेली गोष्ट कोणाला आठवत असेल, तर चारचौघींत नको असल्यास मागाहून एकटीने सांगितली तरी चालेल. मी सात वाजेपर्यंत येथेच आहे.